कलाकाराला अनुदान द्यावं की गाळा?

गाळेकरी (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात एका बैठकीला बसलो होतो. विषय असा, की कलेवर पोट असलेल्या छोट्या व्यवसायांना स्थानिक प्रशासनाने काय मदत करावी. दोन तास बोलणं झालं, त्यातला पाऊण तास अनुदानाची रक्कम किती असावी यावरच गेला. शेवटी मागच्या रांगेतून स्क्रीन प्रिंटिंग करणारी एक बाई उठली. हाताखाली दोन मुली आहेत, काम बरं चाललंय. ती म्हणाली, "मला पैसे नकोत. शाई सांडली तर मालक ओरडणार नाही अशी जागा द्या, आणि पुढच्या वर्षीही ती माझ्याकडेच राहील एवढं बघा." लोक हसले आणि बैठक पुढे सरकली. मी मात्र अजून त्याच वाक्यापाशी अडकलोय.

तिच्या म्हणण्यात अर्थशास्त्र आहे. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी १९६१ सालीच लिहून ठेवलंय, की नव्या कल्पनांना जुन्या इमारती लागतात. कारण सरळ आहे. नव्या इमारतीच्या भाड्यात बांधकामाचं कर्ज दडलेलं असतं, त्यामुळे ते भाडं परवडतं फक्त ज्याची कमाई ठरलेली आहे त्याला. बँका, साखळी दुकानं वगैरे. ज्याचं काम चालेल की नाही हे त्यालाच ठाऊक नाही, त्याला कर्ज कधीच फिटलेली, थोडी कळकट, उंच छताची जागा हवी.

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलचं उदाहरण बघा. १९८९ साली भूकंप झाला, १९९९ साली पोलादाचा कारखाना बंद पडला, आणि भर बाजारपेठेतली दुकानं एकेक करून मिटली. मार्कस वेस्टबरी यांनी २००८ च्या सुमारास मोजली तेव्हा दोन मुख्य रस्त्यांवर मिळून दीडशेच्या आसपास जागा रिकाम्या होत्या. त्यांनी 'रिन्यू न्यूकॅसल' नावाची संस्था काढली आणि मालकांना सांगितलं, भाडेकरार नको, फक्त तीस दिवसांचा वापरपरवाना द्या. दर महिन्याला तो पुढे चालू. खरं गिऱ्हाईक आलं तर आम्ही उठतो. मालकाचा हक्क अडकत नाही म्हटल्यावर कुलपं उघडली आणि आत दागिने घडवणारे, छायाचित्रकार, शिंपी, ॲनिमेशनवाले येऊन बसले. दोनतीन वर्षांत पर्यटनाची मार्गदर्शकं शहराचं नाव घ्यायला लागली.

तर माझा मुद्दा असा: प्रशासनाने अनुदानाचा घोळ कमी करावा आणि स्वतःच्या ताब्यातल्या रिकाम्या जागा उघडाव्यात. तुम्हाला काय वाटतं?

शंकासुर

गोष्ट झकास. पण यात प्रशासनाने नक्की काय केलं? तुम्हीच लिहिलंय की संस्था वेस्टबरींची, जागा खासगी मालकांच्या. हे तर प्रशासनाची वाट न बघता कसं करावं याचं उदाहरण झालं!

शिवाय तीस दिवसांचा परवाना कोणाच्या सोयीचा? जागा बंद राहिली की ओल येते, काचा फुटतात. कलाकार येऊन झाडून पुसून दिवे लावतो, रस्त्याला रया येते, आणि मग 'खरं गिऱ्हाईक' येतं. म्हणजे फुकटचा राखणदार. तुमच्या छापखानेवाल्या बाईंची दुसरी अट होती 'पुढच्या वर्षीही माझ्याकडेच'. ती अट तुमच्याच उदाहरणात बसत नाही.

गाळेकरी

@शंकासुर, मान्य. ती अट मी वाचकांच्या नजरेतून निसटेल असं धरून चाललो होतो बहुतेक. :)

जमाखर्च

मी हिशेबाच्या बाजूने लिहितो, कारण 'पैसे नकोत' हे वाक्य सभेत टाळ्या घेतं आणि ताळेबंदात मार खातं.

बॉमोल आणि बोवेन या दोघा अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली रंगभूमी आणि संगीताचा हिशेब मांडला होता. चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसं आणि जेवढा वेळ लागायचा, आजही तेवढीच माणसं आणि तेवढाच वेळ लागतो. कारखान्यात दर माणशी उत्पादन वाढत जातं, त्याच्या जोरावर पगार वाढतात. वादकालाही त्याच बाजारात जगायचं असतं, म्हणून त्याचं मानधन वाढवावं लागतं, पण उत्पादन तेवढंच. खर्च आणि तिकीटविक्री यांतली दरी दरवर्षी थोडी रुंदावते, आणि ती कोणाच्या गैरकारभाराने रुंदावत नाही. गाळा फुकट दिला तरी ती दरी राहतेच. तेव्हा अनुदानाला शिव्या घालण्याआधी ते कुठल्या कामासाठी आहे ते वेगळं करा. जागा हा एकदाचा प्रश्न आहे, प्रयोगाचा खर्च दर वेळचा.

अनुदानाचा खरा घोळ रकमेत नसून तारखेत आहे. बहुतेक योजना प्रतिपूर्तीच्या असतात: आधी खर्च करा, बिलं जोडा, उपयोगिता प्रमाणपत्र द्या, मग पैसे. ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसे आहेत त्यालाच अनुदान मिळतं, असा हा उलटा न्याय. मी एका नाट्यसंस्थेचे हिशेब बघायचो. प्रयोग झाला, नेपथ्य मोडून फळ्या विकल्या, संस्थेचा खजिनदार बदलला, आणि मग मंजुरीचं पत्र आलं. मधल्या काळात उसनवारीवर जे व्याज गेलं ते कुठल्याच खान्यात दाखवता येईना. मंजूर रकमेतला निम्मा हिस्सा आगाऊ दिला असता तर तेवढ्याच पैशात दोन प्रयोग जास्त झाले असते.

बाहुलीवाला

जमाखर्च, अगदी मनातलं लिहिलंत. माझा अनुभव त्याच्या एक पायरी आधीचा आहे, अर्जाचा.

मी बाहुल्या बनवतो आणि खेळही करतो. नवउद्योजकांसाठी स्थानिक कार्यालयाची योजना निघाली म्हणून अर्ज आणला. तिसऱ्या पानावर 'व्यवसायाचा प्रकार': उत्पादन, सेवा, व्यापार. माझं काय? बाहुली लाकडाची, कापडाची, म्हणजे उत्पादन. पण ती मी विकत नाही, तिचा खेळ दाखवतो, म्हणजे सेवा. खिडकीतल्या साहेबांनी (माणूस चांगला होता, उगाच नावं ठेवणार नाही) यादी चाळली आणि म्हणाले, "खेळणी लिहा." मी म्हटलं, खेळणी नाहीत हो, ती विकायची नाहीत. ते म्हणाले, "मग कलाकार लिहा, पण मग ही योजना तुम्हाला नाही, सांस्कृतिक विभागात जा." सांस्कृतिक विभागात गेलो तर ते म्हणाले यंत्रसामग्रीला आमच्याकडे पैसे नसतात. मला हवी होती लाकूड कापायची बँडसॉ! उद्योगवाल्यांच्या लेखी मी कलाकार, कलावाल्यांच्या लेखी मी सुतार.

शेवटी 'इतर' वर खूण केली. 'इतर' पुढे कंसात दोन इंचांची रेघ होती, त्यात मावेल एवढा मी.

चौथी_भिंत

+१ बाहुलीवाला. 'दोन इंचांची रेघ' हे एकांकिकेचं नाव म्हणून घेऊ का? (परवानगी असेल तर.)

पैशाच्या मुद्द्यावर: रकमेपेक्षा तो पैसा कुठून येतो हे महत्त्वाचं. दरवर्षी अंदाजपत्रकात मागायला लागलं की दरवर्षी कोणाच्या तरी पाया पडणं आलं. सॅन फ्रान्सिस्कोने १९६१ पासून हॉटेलच्या खोल्यांवरच्या करातला काही भाग कलासंस्थांना द्यायला सुरुवात केली. युक्तिवाद पटण्यासारखा आहे, पाहुणे शहरात येतात त्यात कलेचाही वाटा आहे, तर पाहुण्याच्या बिलातला तुकडा कलेला. अमेरिकेतल्याच डेन्व्हर आणि आसपासच्या परगण्यांत १९८८ साली मतदारांनीच विक्रीकरात ०.१ टक्का वाढवून घेतला, दहा डॉलरच्या खरेदीमागे एक सेंट, आणि तो पैसा फक्त विज्ञान व कलासंस्थांसाठी. ठरावीक वर्षांनी तो पुन्हा मताला टाकतात आणि लोक पुन्हा मंजूर करतात.

शंकासुर

आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा कोणाला जातो तेही लिहा. डेन्व्हरमध्ये पहिल्या पायरीवर पाच बड्या संस्था आहेत: कलासंग्रहालय, निसर्गविज्ञान संग्रहालय, प्राणिसंग्रहालय, वनस्पती उद्यान आणि नाट्यगृहांचं संकुल. छोटी नाटक मंडळी तिसऱ्या पायरीवर, उरलेल्यात वाटेकरी. हॉटेलच्या कराचं तर २०२० मध्ये दिसलंच, पाहुणे बंद झाले की झरा आटला. नेमकी तेव्हाच कलाकारांना गरज होती.

चौथी_भिंत

तुम्ही आयडी सार्थ करताय. :) पण वाटपाचं सूत्र निदान छापील आहे, वाचून भांडता येतं. मर्जीवर दिलेल्या अनुदानाशी कसं भांडणार?

नकाशे

नगररचनेत काम करतो, म्हणून थोडं सविस्तर. 'जागा द्या' म्हणणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायच्यात.

एक, स्पेनच्या बास्क प्रांतातल्या बिल्बाओची. प्रत्येक महापौराच्या डोक्यात ती असते: एक झगझगीत संग्रहालय बांधा, शहर पालटेल. गुगेनहाइम संग्रहालय १९९७ साली उघडलं, वास्तुरचना फ्रँक गेरी यांची. बास्क प्रशासनाने बांधकामाचे सुमारे १० कोटी डॉलर दिलेच, वर संग्रहासाठी ५ कोटी आणि गुगेनहाइम प्रतिष्ठानाला २ कोटींचं शुल्क. पण त्याआधी काय झालं ते कोणी वाचत नाही. १९८३ च्या पुरानंतर शहर हादरलं होतं. नदीची सफाई कित्येक वर्षं चालली होती. नदीकाठच्या औद्योगिक जमिनी मोकळ्या करण्यासाठी १९९२ साली वेगवेगळ्या सरकारी संस्थांनी मिळून एक कंपनी काढली. १९९५ साली मेट्रो सुरू झाली. संग्रहालय हे त्या थाळीतलं शेवटचं वाढप होतं. नुसतं तेवढंच उचलून नेणाऱ्या शहरांच्या पदरात पडतात त्या देखभालीला न परवडणाऱ्या इमारती. आणि संग्रहालय झालं म्हणून गावातल्या चित्रकाराला कार्यशाळा मिळते असं थोडंच आहे.

दोन, सोहोची. न्यूयॉर्कच्या त्या भागातून महामार्ग न्यायचा बेत वर्षानुवर्षं डोक्यावर टांगलेला होता, त्यामुळे तिथल्या ओतीव लोखंडाच्या जुन्या कारखान्यांत कोणी पैसा घालेना. भाडी पडलेली. चित्रकार आणि शिल्पकार तिथे बेकायदा राहायला लागले. १९६९ साली महामार्ग रद्द झाला. १९७१ साली शहराने नियम बदलून तिथे राहण्याला आणि काम करण्याला मान्यता दिली, पण फक्त शहराच्या सांस्कृतिक खात्याने 'कलाकार' म्हणून प्रमाणित केलेल्यांना. कागदावर इतकी पक्की तरतूद! पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तो भाग जगातल्या महागड्या बाजारांपैकी एक झाला, प्रमाणपत्राकडे खरेदीदार काणाडोळा करत राहिले, आणि २०२१ अखेरीस शहराला ते नियमच पुन्हा लिहावे लागले. वापरावर निर्बंध होता, किमतीवर नव्हता.

गाळेकरी, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: जागा द्या, पण मालकी कोणाची आणि मुदत किती हे आधी ठरवा. उद्घाटनाची फीत त्यानंतर.

रात्रपाळी

ध्वनियोजना करतो, जागा असून कशी जाते ते मी सांगतो.

छोटा संगीत-मंच वीस वर्षं चालू असतो. शेजारी जुनं गोदाम पाडून घरं होतात. नवे रहिवासी पहिल्याच शनिवारी तक्रार करतात, आवाज फार येतो. नियमाप्रमाणे ज्याचा आवाज त्याची जबाबदारी. मंचवाल्याने भिंतींना थर लावायचे, दुहेरी दारं बसवायची, नाहीतर ड्रम बंद करून गिटार हळू वाजवायची. असा हळू वाजवलेला एक कार्यक्रम मी मिसळलाय. मीटरचा काटा बघत बघत, लाल दिवा लागला की फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली. गायिकेने मध्यंतरात विचारलं, "मी गात होते ना?"

लंडनच्या महापौर कार्यालयाच्या २०१५ च्या अहवालात आकडा आहे: २००७ पासून तळागाळातले ३५ टक्के मंच बंद. १३६ चे ८८. यावर उपाय म्हणून जे तत्त्व पुढे आलं ते मला बेहद्द आवडतं, कारण त्याला तिजोरीतून जवळपास काही लागत नाही. जो बदल घडवतो त्याने बंदोबस्त करायचा. मंचाशेजारी घरं बांधणार असाल तर भिंतीची जाडी, खिडक्यांच्या काचा हा बांधणाऱ्याचा खर्च. मंच नवा येणार असेल तर मंचाचा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ साली हे नियोजनाच्या नियमात घातलं, इंग्लंडने २०१८ साली. अनुदान नाही, गाळा नाही, फक्त एक कलम.

नकाशे

यातली एक खाच सांगतो. कलम नव्या बांधकामाला लागू पडतं. आधीच उभ्या असलेल्या इमारतीत नवा तक्रारखोर राहायला आला तर त्याचा उपयोग थोडा. पण तरीही घ्यावं.

बाहुलीवाला

मोठी शहरं फार झाली. लहान गावांत काय? तिथे शेजारी नवी घरं होत नाहीत, असलेली पडतायत.

चौथी_भिंत

बाहुलीवाला, तुमच्यासाठी पडूका. अमेरिकेत केंटकी राज्यातलं पंचवीस-सव्वीस हजार वस्तीचं गाव. तिथला लोअरटाउन हा जुना भाग मोडकळीला आला होता. २००० साली गावाने ठरवलं, बाहेरच्या कलाकारांना बोलवायचं. पडकी घरं नाममात्र किमतीला. अट एवढीच की दुरुस्त करा आणि राहा. नियम असा बदलला की एकाच घरात राहणं, काम आणि विक्री तिन्ही चालेल. आणि यातली खरी कळ: तिथल्या स्थानिक बँकेने घराच्या आजच्या किमतीच्या तिप्पट, म्हणजे ३०० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची तयारी दाखवली. पडक्या घराची किंमत ती काय, दुरुस्तीचा खर्च त्याच्या कित्येक पट. नेहमीच्या बँकेने त्या किमतीवर दमडी दिली नसती. गोधडीकामासाठी गाव आधीपासून नावाजलेलं होतंच, २०१३ साली युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या यादीत हस्तकलेसाठी त्याचा समावेश झाला.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की कलाकार मालक झाला. भाव चढले तर फायदा त्याचा.

शंकासुर

हे मला आवडलं. (हो, मलाही आवडतं कधीकधी.) पण बोलावलं बाहेरच्यांना. गावात जे आधीपासून ताशे वाजवत होते किंवा पाट्या रंगवत होते त्यांचं काय?

हा 'बाहेरचे हुशार लोक आणा' प्रकार शहरांचे अभ्यासक रिचर्ड फ्लोरिडा यांच्या २००२ च्या 'सर्जनशील वर्गा'च्या सिद्धांतानंतर फार बोकाळला. सल्लागार पोसले गेले त्यावर. पुढे २०१७ साली खुद्द फ्लोरिडांनीच मांडलं की अशा यशस्वी शहरांतच विषमता सर्वांत भयंकर वाढलीय. मास्तरांनीच पाटी पुसली.

त्यापेक्षा दक्षिण कोरियातल्या सोलच्या सोंगडोंग जिल्ह्याचं बघा. सोंगसू हा तिथला हाताने बूट शिवणाऱ्यांचा आणि लहान कारखान्यांचा भाग. तरुण कलाकार आले, गोदामांत प्रदर्शनं आणि कॅफे झाले, भाडी चढायला लागली. तेव्हा २०१५ साली त्या जिल्ह्याच्या प्रशासनाने अध्यादेशच काढला: लोक हुसकले जाणार नाहीत यासाठी. घरमालक, भाडेकरू आणि प्रशासन यांच्यात भाडं आवरतं ठेवण्याचे ऐच्छिक करार करून घेतले, ठरलेल्या पट्ट्यात मोठ्या साखळी दुकानांना आडकाठी घातली. लक्षात घ्या, हे राष्ट्रीय सरकारने केलं नाही, एका जिल्हा कार्यालयाने केलं.

जमाखर्च

ऐच्छिक करार म्हणजे शेजाऱ्याच्या लाजेवर चालणारा करार. लाज स्वस्त असते तोवर टिकतो.

मालकी प्रशासनाने किंवा त्याच्या संस्थेने स्वतःकडेच ठेवावी असं आता कोणीतरी म्हणेल, म्हणून टोरांटोचं आधीच लिहून ठेवतो. आर्टस्केप ही संस्था १९८६ पासून कलाकारांसाठी जागा उभ्या करत होती, जगभर तिचे दाखले दिले जायचे. २०१८ साली तिने सरोवराकाठी एक देखणं केंद्र उघडलं, कलाकार-उद्योजकांसाठी. कर्जाचा बोजा झेपला नाही, आणि २०२३ साली संस्था दिवाळखोरीच्या वाटेला लागली. तिच्या छताखालच्या भाडेकरूंची झोप उडाली ती वेगळीच. दोष हेतूचा नव्हता, नव्या इमारतीच्या कर्जाचा होता. धाग्याच्या दुसऱ्या परिच्छेदातलं जेकब्सबाईंचं वाक्य पुन्हा वाचा.

मला पटलेला मधला मार्ग सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका न्यासाचा, २०१३ पासूनचा. न्यास इमारत विकत घेतो, कलासंस्थेला भाड्याने देतो, आणि ठरल्या वर्षांत तिने पैसे जमवले तर घेतल्या किमतीलाच तिला विकतो. मधल्या काळात बाजारभाव कितीही चढो. संस्थेला मुदत मिळते, न्यासाला मुद्दल परत मिळतं आणि ते पुढच्या इमारतीला लागतं.

गाळेकरी

सगळ्यांचे आभार. धागा काढला तेव्हा माझं मत होतं 'अनुदान नको, गाळा'. आता तसं सरळसोट म्हणवत नाही. छापखानेवाल्या बाईंना काल फोन करून धाग्यातलं थोडं वाचून दाखवलं. त्यांचं पहिलं वाक्य: "तिप्पट कर्जवाली बँक कुठली म्हणालात?"

पुढच्या बैठकीसाठी टिपण लिहितोय. रिकाम्या जागांची यादी जाहीर करावी. वापर तीस दिवसांचा न ठेवता किमान पाच वर्षांचा करावा, भाडेवाढ करारातच लिहिलेली. उद्योग आणि सांस्कृतिक या दोन्ही खात्यांचा अर्ज एकच असावा (बाहुलीवाला, तुमच्या रेघेसाठी). मंजुरीबरोबर निम्मी रक्कम हातात द्यावी. रात्रपाळींचं कलम जसंच्या तसं. काही राहिलं का?

बाहुलीवाला

राहिलं. मला एकदा अशी सवलतीची जागा मिळाली होती, दोन वर्षं. पहिल्याच पावसात छपरातून पाणी आलं, नेमकं बाहुल्यांच्या पेटीवर. राजाचं तोंड कागदाच्या लगद्याचं, सकाळी बघतो तर नाक गळून छातीवर आलेलं. कार्यालयात गेलो तर म्हणाले वापर तुमचा, दुरुस्ती तुमची. भाड्याची पावती होती त्यावर लिहिलेलं, जागा जशी आहे तशी.

पाच वर्षं द्याल, छान. छप्पर कोणाचं?

नकाशे

रचनेची दुरुस्ती मालकाची, आतली वापरणाऱ्याची. पण हे स्पष्ट लिहावं लागतं, आणि मालकाने किती दिवसांत करायची तेही.

गाळेकरी

लिहिलं. छप्पर, बाहेरच्या भिंती, सांडपाणी, मुख्य वीजजोडणी मालकाकडे. मुदत काय घालू, पंधरा दिवस?

बाहुलीवाला

पावसाळ्यात तीन.